मागचा उजवा कोपरा

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीची फिल्म आपणच करणार आणि ती बघून सासूबाई सगळ्यांदेखत "थोरली ती थोरलीच!" म्हणणार, हे थोरलीने महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण हे वाक्य अजून कानावर पडायचं होतं. त्यासाठी तर ती एडिटिंग शिकली होती, एकटीने, चुकत माकत.

अडचण एकच. धाकटी जाऊ.

धाकटीचा आवाज! बँकेच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणते ती हीच. काम नसतानाही लोक फोन लावून प्रतीक्षा करतात म्हणे. फिल्ममध्ये घरातले सहाजण सासूबाईंबद्दल बोलले होते. पण धाकटीनं तोंड उघडलं की थोरलीचं स्वतःचं बोलणं भांडी घासल्यासारखं वाटायचं.

तिने धाकटीचा आवाज बारीक केला. मागून जाता जाता नवऱ्याने विचारलं, "हिचा घसा बसला होता का गं?"

परत मोठा करावा लागला!

मग सापडलं सराउंड साउंड. पडद्यावर एक खोली, मधोमध ऐकणारा, भोवती पाच स्पीकर आणि प्रत्येकाचा आवाज म्हणजे एक ठिपका. ठिपका ओढाल तिकडून आवाज येणार. थोरलीने स्वतःचा ठिपका पुढे, मध्यभागी, मानाने बसवला. धाकटीचा उचलला आणि नेऊन टाकला मागच्या उजव्या कोपऱ्यात.

"बस तिकडे!"

वाढदिवसाला दिवाणखान्यात तसेच पाच स्पीकर मांडले आणि पाहुण्यांनी खोली भरली. सासूबाईंसाठी पुढचा सोफा राखला होता. त्यांनी टीव्हीकडे एकदा पाहिलं.

"एवढ्या जवळून माझं तोंड मलाच बघवायचं नाही," म्हणत त्या थेट मागच्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या. उजव्या कोपऱ्यात! डावा कान त्यांचा कधीचाच गेलेला, आणि चांगल्या कानापासून स्पीकर जेमतेम वीतभर.

फिल्म सुरू झाली. थोरली पुढून मनापासून बोलत होती.

"काय म्हणतेय ही?" सासूबाईंनी शेजारणीला विचारलं.

मग धाकटी आली. "आई, तुम्ही मला सायकल शिकवलीत..."

सगळ्यांच्या माना गर्रकन मागे! दीर उठून मागचं दार उघडायला धावला.

"अहो, मी इथं बसलेय!" धाकटी ओरडली.

"मग मागून कोण बोलतंय?"

या गोंधळात पडद्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. सासूबाई मात्र स्पीकरकडे झुकून उत्तरं देत होत्या, "हो गं, आठवतं तर! पडलो होतो दोघी. बोल, बोल."

शेवटी त्यांनी डोळे टिपले. "धाकटी अगदी कानात येऊन बोलली. थोरले, तू काहीच कसं नाही बोललीस गं?"

तेवढ्यात धाकटी येऊन थोरलीच्या गळ्यातच पडली. "ताई, माझा आवाज तुम्ही आईंच्या चांगल्या कानाशी ठेवलात! माझ्या तर डोक्यातही आलं नसतं."

थोरलीच्याही आलं नव्हतं. ते तिने सांगितलं नाही.

"उद्या परत लावा," सासूबाईंनी फर्मावलं. "मी इथंच बसणार."

दुसऱ्या दिवशी चहाआधीच थोरली कॉम्प्युटरसमोर. तिने मानाच्या जागेवरून स्वतःचा ठिपका उचलला आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, धाकटीला चिकटून. धाकटीला तिथून हलवावं, असं एकदा मनात आलं. नाही हलवलं.

आपला ठिपका तेवढा तिच्यापेक्षा केसभर पुढे घेतला. चोवीस वर्षांनंतर एवढं तर चालतं ना!