आत्ता की नंतर

रंगशेठच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक निळी चौकट यायची आणि विचारायची, “नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे. आत्ता बसवू की नंतर?” रंगशेठ चष्मा पुसायचे, चौकट पहिल्यांदाच दिसत असल्यासारखी शेवटपर्यंत वाचायचे आणि ‘नंतर’ दाबायचे. असे अकरा महिने झाले होते. माणूस आळशी नव्हता, बरं का. तो निर्णय घेत होता.

आणि निर्णय काही साधासुधा नव्हता. त्या कॉम्प्युटरला रंग मिसळायचं मशीन जोडलेलं होतं आणि त्याच्या पोटात बावीस वर्षांची यादी होती. कोणाच्या कुठल्या भिंतीला काय रंग दिला, त्यात पिवळा किती, तांबडा किती, सगळं गिऱ्हाइकाच्या नावानिशी. ‘डॉक्टरांचा जिना’, ‘वकिलांची मागची खोली’, ‘थोरल्या जाऊबाईंचं स्वयंपाकघर (धाकटीपेक्षा उजळ हवं)’ अशा एक हजार तीनशे बारा नोंदी. दुकानाच्या पाटीवर रंगशेठनी लिहूनच ठेवलं होतं: ‘तोच रंग, केव्हाही.’ बाजारात त्यांची जी काही पत होती ती या तीन शब्दांवर होती. नव्या सिस्टिमच्या नादात ही यादी गेली, तर पाटी उतरवून घरी बसायची वेळ.

म्हणून त्यांनी चार लोकांना विचारलं. काउंटर सांभाळणारी बायको म्हणाली, “चालतंय ना? मग कशाला हात लावता?” शेजारचा झेरॉक्सवाला सोमवारी म्हणाला, “बसवा शेठ, मशीन नुसतं पळतं!” आणि गुरुवारी म्हणाला, “शेठ, तुमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे का हो, मोठा?” रंगशेठनी एक वही केली. डाव्या पानावर फायदे: वेग, दिसायला छान, मेहुणा गप्प बसेल. उजव्या पानावर तोटे: काय होईल माहीत नाही. हा एकच तोटा डाव्या पानाला पुरून उरायचा.

मेहुणा कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे त्याला जगातलं सगळं कळायचं. एकदा जेवताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, खरं सांगू? तुम्ही घाबरता. लग्नालासुद्धा तुम्ही असंच ‘नंतर’ म्हणाला होतात ना?”

“दीड वर्ष,” बायकोने पुस्ती जोडली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

आता हे बोलायची काही गरज होती का? माणसाला अकरा महिने विचार करू द्यायचा आणि मग एका वाक्यात त्याची लाज काढायची! दुसऱ्या दिवशी सकाळी रंगशेठ तरातरा दुकानात आले. तरी त्यांनी खबरदारी घेतलीच. पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावरचं ‘रंगांची यादी’ असं लिहिलेलं चित्र धरलं आणि त्यात नेऊन टाकलं. दोन सेकंदांत काम झालं.

“बघ, बावीस वर्षांचं काम दोन सेकंदांत उतरलं,” ते बायकोला म्हणाले. “उगाच लोक कॉम्प्युटरला नावं ठेवतात.” आणि त्यांनी ‘आत्ता’ दाबलं.

दुपारी नवी सिस्टिम सुरू झाली. काय तिचं ते रूप! खिडक्यांना गोल कोपरे, उघडमिट कशी लोण्यासारखी. मशीन चालत होतं, रंग बनत होते. रंगशेठनी यादी उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. एक हजार तीनशे बारा रंग जागच्या जागी होते, पण गिऱ्हाइकांच्या नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. डॉक्टर चौकोन, वकील चौकोन, दोन्ही जावा चौकोन. वर यादी तारखेनं लागलेली असायची, ती आता फिक्याकडून गडदाकडे लागली होती.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, “दाजी, तुमचा फॉन्ट जुना होता. नव्यात तो चालत नाही.”

“मग आता?”

“दहा दिवसांच्या आत जुन्या सिस्टिमवर परत जाता येतं. तसं बटणच दिलंय. पण मी म्हणतो, सवय करून घ्या.”

दहा दिवस! रंगशेठचा जीव भांड्यात पडला. शिवाय यादी पेन ड्राइव्हवर होतीच. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि परत जावं की न जावं, यावर विचार सुरू केला. बायको म्हणाली, “आता पुन्हा हात नका लावू, आहे तेही जाईल.” झेरॉक्सवाला म्हणाला, “मी परत गेलो. पण परत गेल्यावर नवीच बरी होती असं वाटतंय.” नव्या गिऱ्हाइकांना नवे रंग हवे होते, जुनं कोणी फिरकलं नाही, आणि ते गोल कोपरे रंगशेठना आवडू लागले होते, हेही खोटं नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्यांचा निर्णय पक्का झाला: परत जायचं. ते हात चोळत खुर्चीवर बसले. बटण नव्हतं.

“अगं, इथं बटण होतं!”

“काल होतं,” बायको म्हणाली. “मी पुसताना पाहिलं.”

मग रंगशेठनी पेन ड्राइव्ह लावला. त्यात ते चित्र होतं, चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता आणि आत काहीच नव्हतं. मेहुण्यानं फोनवर समजावून सांगितलं, की दाजींनी जी उतरवून घेतली ती यादी नव्हे, यादीकडे जायची वाट होती. घर राहिलं तिथंच, दाजी दारावरची पाटी तेवढी काढून घेऊन आले. रंगशेठनी फोन ठेवला. अकरा महिने नको म्हणालो तेव्हा बरोबर होतो, आणि नेमका त्या एका सकाळी शहाणपणा गहाण ठेवला, असं त्यांना वाटलं. रडू येत नव्हतं एवढंच.

आणि बाराव्या दिवशी बाई आल्या.

बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, बाकीच्या अर्ध्याला नुसतं दरडावलं होतं. पण आज त्यांचा आवाज खाली होता. “शेठ, आमच्या बैठकीच्या खोलीचा रंग हवाय. एकाच भिंतीपुरता. मागचा नळ फुटला, भिंतीचा गिलावा ओल खाऊन पडला, नवं प्लास्टर केलंय. पण अगदी तोच रंग हवा हं. यांच्यासाठी.”

‘हे’ म्हणजे काका, वाचनालयातले जुने ग्रंथपाल. दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होत होतं. काही बदललं की ते बिथरायचे. “मागं मी पडदे बदलले,” बाई म्हणाल्या, “तर पिशवी भरून जिन्यात जाऊन बसले. मला माझ्या घरी न्या म्हणे. आता ती भिंत करडी झाल्यापासून पिशवी हातातून सोडत नाहीत. झोपतानासुद्धा. तुमच्याकडे यादी आहे म्हणून मी निर्धास्त आहे.”

“आहे की!” रंगशेठ म्हणाले. तोंडातून निघून गेलं. बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बाई गेल्यावर दोघं यादीपुढे बसले. बायको म्हणाली, “चौकोन मोजू या. तुम्ही काय लिहिलं असेल? ‘मुख्याध्यापिका’ की नुसतं ‘बाई’?”

“ ‘शाळेच्या बाई’ लिहिलं असेल.”

“असेल? आणि जोडाक्षराला चौकोन एक की दोन?”

“ते मला काय माहीत? मी काय चौकोनांच्या शाळेत गेलो होतो?”

शेवटी संध्याकाळपर्यंत मोजून चौसष्ट नोंदी निघाल्या. बाईंची खोली रंगशेठना अंधूक आठवत होती: दुधाळ, फिकी, चहात दूध जरा जास्त झाल्यासारखी. फिक्या तेवढ्या वेगळ्या केल्यावर उरल्या एकोणीस. एकोणीस पट्ट्या रंगवून सकाळी रंगशेठ बाईंच्या घरी हजर झाले.

काका खुर्चीत बसले होते, मांडीवर पिशवी. रंगशेठनी एकेक पट्टी जुन्या भिंतीला लावून पाहिली. एक हिरवट, एक पिवळट, एक जरा बरी, पण बाई म्हणाल्या, “नाही हो, ही आजारी वाटते.” काकांनी प्रत्येक पट्टीला विचारलं, “निघायचं का?” प्रत्येक वेळी बाई म्हणाल्या, “थोड्या वेळानं.” एकोणिसावी रंगशेठनी लावून पाहिली, खाली टाकली आणि मागच्या गॅलरीत जाऊन एका पालथ्या डब्यावर बसले. बाईंना सगळं सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं.

“बाई, माझं चुकलंय,” त्यांनी सुरुवात केली.

“चुकू द्या, आधी उठा त्यावरून,” बाई म्हणाल्या. “पत्रा गंजलाय, लागेल तुम्हाला. तुमच्याच दुकानातला डबा आहे, खोली रंगवली तेव्हाचा. मी कुंडीखाली ठेवते.”

रंगशेठ उठले, वाकले. डब्याच्या अंगावर, त्यांच्याच दुकानाची, त्यांच्याच मशीननं छापलेली चिठ्ठी होती. पिवळा इतका, तांबडा इतका, काळा थेंबभर. नाव: ‘शाळेच्या बाई, बैठक’. आपण गेली बावीस वर्षं प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवत आलो, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी डबा छातीशी धरला आणि रस्त्यानं अक्षरशः पळत सुटले.

दोन दिवसांनी रंगारी येऊन भिंत रंगवून गेला. काका आत झोपले होते. रंग वाळला तशा बाई आणि रंगशेठ खोलीच्या मधोमध उभे राहून बघत राहिले. नवी भिंत पिकल्या जर्दाळूसारखी होती. उरलेल्या तीन भिंती दुधाच्या चहासारख्या. एका खोलीत दोन घरं उभी केल्यासारखं दिसत होतं.

“शेठ, हा तो रंग नाही,” बाई पुटपुटल्या.

“तोच आहे, बाई. चिठ्ठीबरहुकूम.” आणि बोलता बोलता रंगशेठ थांबले. भिंत उन्हानं उतरते. दरवर्षी थोडी थोडी उतरते, आणि रोज बघणाऱ्याला कळत नाही. रंगाच्या धंद्यातला कच्चा माणूसही हे सांगेल. फिक्यांत शोधत बसलो तो रंग फिका नव्हताच. यादी राहिली असती तरी हेच झालं असतं. डॉक्टरांचा जिना, वकिलांची खोली, सगळं असंच उतरलं असणार. ‘तोच रंग’ आपल्याला कधी देताच येणार नव्हता, आणि त्यापायी अकरा महिने आणि दहा दिवस आपण जिवाला घोर लावून घेतला. जुन्या भिंतीचा एक पोपडा आणून नुसत्या नजरेनं जुळवला असता, तर सकाळच्या चहाआधी काम झालं असतं. त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

तेवढ्यात दारात काका आले. हातात पिशवी. काकांनी नव्या भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली.

“वा!” ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. “झालं का शेठ? झकास. आणि ते नवं मशीन घेतलंत म्हणे? रंग मिसळायचं, कॉम्प्युटरचं?”

रंगशेठनी बाईंकडे पाहिलं. “हो, काका.”

“मी असतो तर थोडे दिवस थांबलो असतो.”

“थांबायला हवं होतं,” रंगशेठ मनापासून म्हणाले.

काका हसले. मग बाईंकडे वळून अदबीनं म्हणाले, “ताई, यांना जरा पाणी देता का? आमची मंडळी शाळेतून येईलच. रंग तिनंच निवडलाय. तिला बघायचाय.”

बाई पाणी आणायला वळल्या. “आवडेल त्यांना,” त्या म्हणाल्या.

गॅलरीत रंगशेठ हात जोडून म्हणाले, “बाई, मी आजच नजरेनं जुळवून रंग आणतो. ही भिंत उरलेल्यांसारखी करून देतो. नाहीतर त्या तिन्ही अशा करू. तुम्ही सांगाल तसं.”

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्यातली मुख्याध्यापिका परत आली. “काही करू नका. दीड महिन्यानं त्यांनी पिशवी खाली ठेवलीय. राहू दे ही भिंत, खोली रंगवली तो दिवस त्यांना तिच्यात दिसतो. पण त्या तिन्हींना हात लावायचा नाही. खुर्ची धरा.”

दोघांनी मिळून काकांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची हळूहळू फिरवून जुन्या भिंतीकडे केली. काका त्या फिक्या भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वर करून बाईंचा हात धरला.

“केवढी दमलीस गं,” ते म्हणाले. “बस ना जरा.” मग त्यांची नजर रंगशेठकडे गेली. “हे कोण?”

“रंगवाले आहेत.”

“त्यांना सांग, आपल्याला काही बदलायचं नाहीये.”

“सांगते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या.