कुमुदिनीवहिनी घाटात पडतात

एका जंगलात, बालमित्रांनो, एक घाट होता. घाटात एक सुंदर धबधबा होता. पण आपली गोष्ट धबधब्याची नाही, कारण तो कुणी बघतच नसे.

त्या जंगलात नरहरी नावाचं अस्वल राहायचं. त्याने नवीकोरी मोटारसायकल घेतली. पूर्वी प्राणी मोटारसायकल घेतली की फिरायला जायचे. आता आधी माकडाच्या दुकानात जातात.

माकड म्हणालं, "हेल्मेटवर कॅमेरा लावा. तुम्ही जे बघाल ते सगळं जंगल बघेल."

"आणि मी जे बघणार नाही ते?"

"त्याला हँडलवर एक. छातीवर एक. शिवाय हेल्मेटच्या मागे एक."

नरहरीने चारही घेतले. हेल्मेट इतकं जड झालं की त्याची मान डुलायला लागली. त्यामुळे तो फार विचारी दिसू लागला.

रविवारी तो बायकोला मागे बसवून निघाला. बायकोचं नाव कुमुदिनी. अंगाने भरदार, स्वभावाने बोलकी.

"अहो, काय धबधबा आहे! थांबू या ना जरा."

"अगं, बोलू नकोस. आवाज रेकॉर्ड होतो. धबधबा घरी गेल्यावर बघ."

"बरं, भूक लागलीय. ती बघा, साळिंदरबाई कणसं भाजतेय."

"श्श!" नरहरी म्हणाला, आणि लगेच गोड आवाजात कॅमेऱ्याशी बोलू लागला, "तर मित्रांनो, आता येतंय एक अवघड वळण..."

वळणावर खड्डा होता. मोटारसायकल उडाली. नरहरी खाली आला तो सीटवर. कुमुदिनी खाली आली ती गवतात. तिथून ती गडगडत थेट साळिंदरबाईच्या शेगडीपाशी पोचली.

नरहरी मात्र बोलतच राहिला. घाटमाथ्यावर त्याने गाडी थांबवली, मोठ्या कौतुकाने मान मागे वळवली आणि म्हणाला, "आणि या तुमच्या वहिनी!"

सीट होती. वहिनी नव्हत्या.

नरहरीने गाडी गर्रकन वळवली. बालमित्रांनो, काही म्हणा, त्याचा बायकोवर फार जीव होता. "कुमुद! अगं कुमुद!" असा टाहो फोडत तो उलटा सुटला. झुडूप न् झुडूप त्याने डोळे फाडून पाहिलं.

कुमुदिनी दगडावर बसून कणीस खात होती. अंगभर कुसळं. नरहरीने तिला घट्ट मिठी मारली.

"लागलं का गं? माझंच चुकलं. आग लागो त्या कॅमेऱ्यांना!"

कुमुदिनीचे डोळे चमकले. "ते राहू द्या हो. मी पडले ते आलंय का?"

दोघांनी मागचा कॅमेरा उघडून पाहिला. त्याची बॅटरी धबधब्यापाशीच संपली होती.

"म्हणजे मी फुकट पडले?" असं म्हणून कुमुदिनी ढसाढसा रडू लागली.

"मी पाहिलं ना," साळिंदरबाई समजूत घालत म्हणाली. "छान पडलात हो."

"तुम्ही एकटीने पाहून काय उपयोग?"

नरहरीला बायकोचे अश्रू बघवेनात. पुढच्या रविवारी तो तिला पुन्हा घेऊन आला. कुमुदिनी नवी ओढणी घेऊन, नटूनथटून पडायला आली होती. आधी ती खड्ड्याच्या अलीकडेच पडली. मग दुसऱ्यांदा पडताना कॅमेऱ्याकडे बघून हसली.

"सहज पडा, वहिनी," साळिंदरबाई ओरडली. "पडायचंय हे विसरून पडा!"

आणि मग जमलं! कुमुदिनी चेंडूसारखी उडाली. ओढणी झाडाला लटकली. शेगडी उलटली, कणसं आभाळात गेली आणि एक गरमागरम कणीस नरहरीच्या शर्टात शिरलं. नरहरी जो नाचला, त्याला तोड नाही.

व्हिडिओ पाहून जंगल पोट धरधरून हसलं. पुढच्या रविवारी वळणावर जोडप्यांची रांग लागली. ससे पडले, कोल्हे पडले. साळिंदरबाईने कणसांसोबत मलमही विकायला ठेवलं. हत्तींना मात्र हात जोडून परत पाठवलं.

एका भाबड्या रानडुकराने लोकांची काळजी वाटून तो खड्डा बुजवला. केवढा हाहाकार झाला! प्राण्यांनी राजवाड्यावर मोर्चा नेला. अखेर सिंहमहाराजांनी स्वतः येऊन खड्डा पूर्ववत करवला आणि फीत कापली. टाळ्यांच्या कडकडाटात पहिलं पडण्याचा मान अर्थातच कुमुदिनीवहिनींना मिळाला.

तात्पर्य : जोडीदार पडला, तर हातातलं सगळं टाकून मागे धावावं. पण घरून निघताना बॅटरी तेवढी पूर्ण चार्ज करून घ्यावी.