साळुंखेमामांचा सायलेन्सर

बंदुकांच्या क्लबात नोकरी करणारा माणूस चमचा वाटीला लागला तरी दचकतो, हे सांगून कोणाला पटायचं नाही. साळुंखेमामा दचकायचे. दुबईहून अल ऐनला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा नेमबाजीचा क्लब होता, तिथे ते हत्यारांचे मिस्त्री. खिशात कायम शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. दार करकरलं, घाल तेल. पंखा कुरकुरला, घाल तेल. मेसमधल्या खुर्च्यांच्या पायांना त्यांनी जुने मोजे चढवले होते, त्यामुळे आमच्या खुर्च्या आमच्यापेक्षा बऱ्या कपड्यांत असायच्या.

"आवाज म्हंजे गळती," ते म्हणायचे. "आवाज येतोय तिथं कायतरी वाया चाललंय."

गंमत अशी, की माणसांचं बोलणं त्यांना धड ऐकू यायचं नाही. उमेदीची सगळी वर्षं पलटणीत बंदुकांशेजारी गेलेली. बारीकसारीक खडखडाट मात्र कानात सुईसारखा टोचायचा.

मी त्यांच्याच गावचा, नववीतून शाळा सोडलेला. अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, शब्द टाकून माझा व्हिसा त्यांनीच काढून दिला. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर मला पुन्हा शाळेत जावं लागेल. काम साधं होतं. टार्गेटचे कागद बदलायचे, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडायच्या. तरी पोलिसांची गाडी दिसली की मी उगाच लेबर कार्ड चाचपायचो.

पुढे क्लबाच्या शेजारी घोड्यांचा तबेला आला. आमचा बार निघाला की तिकडे घोडे उधळायचे. तबेलेवाल्याने तक्रार केली आणि आमच्या लेबनीज मॅनेजरने मोडक्या हिंदीत निकाल ऐकवला. उन्हाळ्याच्या आत आवाज बंद झाला नाही तर रेंज खलास, आणि आम्ही दोघं घरी.

मामा शांतपणे म्हणाले, सायलेन्सर लावू.

ऑफिसात सगळे ताठ झाले. सायलेन्सर आम्ही फक्त सिनेमात, तोही व्हिलनच्या हातात पाहिलेला. मॅनेजर म्हणाला, साध्या माणसाकडे सापडला तर थेट जेल. मामांनी दोनदा विचारून ते नीट समजून घेतलं आणि म्हणाले, "साध्या माणसाकडं ना? मग क्लबानं रीतसर परवानगी मागू. परवानगी मागितली म्हणून कुणाला आत टाकलेलं मी तर ऐकलं न्हाई."

मामांनी बरंच काही ऐकलेलं नव्हतं, हे मी बोललो नाही.

अरबाबने सही दिली. मॅनेजरला ऐनवेळी पाठदुखी सुरू झाली. मग निघालो तिघं. मामा, सरकारी कागदांची धावपळ करणारा आमचा मंदूब कासिम, आणि फाइल धरायला मी. मामांनी कडक इस्त्रीच्या सफारीवर पलटणीतली पदकं लावली. मी पिशवीत एक जादा शर्ट घेतला, आत टाकलं तर असावा म्हणून.

पोलिसांच्या परवाना कचेरीतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. बसा म्हणाला. मामा सावधानमध्ये उभे. पुन्हा म्हणाला. मामा उभेच. शेवटी अवघडून तोच उठला आणि चार खुर्च्या रिकाम्या ठेवून आम्ही चौघं उभ्याने बोललो. त्याने कासिममार्फत विचारलं, बंदुकीचा आवाज कोणाला नको असतो? उद्या ही वस्तू क्लबाबाहेर गेली तर जबाबदार कोण?

मला शर्ट आठवला.

कासिमने प्रश्न मामांच्या कानात ओरडून सांगितला. मामा म्हणाले, "साहेब, पलटणीत हत्यारांच्या कोठडीला दोन कुलपं असतात. एका किल्लीवाल्याला एकट्यानं उघडता येत न्हाई. सायलेन्सर पेटीत राहील, पेटीला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडं, दुसरी तुमच्या चौकीत. ज्या दिवशी लागंल त्या दिवशी तुमचा शिपाई किल्ली घेऊन येईल. चहा क्लबाचा."

कासिमने अरबीत सांगितलं, चहासकट. अधिकारी पदकांकडे बघत राहिला, मग हसला आणि म्हणाला, इन्शाल्ला. गाडीत कासिमने समजावलं, की या शब्दाचा अर्थ उद्यापासून कधीच नाहीपर्यंत काहीही होतो.

पण शिक्का मिळाला. परवान्यावर क्लबाचं नाव, ताबा साळुंखेमामांकडे. दुबईच्या दुकानात त्यांनी सायलेन्सरवरचा नंबर परवान्याशी तीनदा ताडून पाहिला. दुकानदाराने प्लॅस्टिकची पिशवी दिली, ती त्यांनी परत केली. चुरचुर वाजत होती. मग चौकीतून सोबत आलेल्या शिपायाशेजारी बसून, मुलीच्या लग्नाचे दागिने आणावेत तशी पेटी मांडीवर धरून ते क्लबावर आले.

चाचणीला तबेलेवाला स्वतः आला. शिपायाने एक कुलूप उघडलं, मामांनी दुसरं. सायलेन्सर चढवून रायफल उचलली. सतरंजीवर उशी आपटावी एवढाच आवाज झाला. कुंपणापलीकडच्या पांढऱ्या घोडीने एक कान हलवला आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.

तबेलेवाल्याने मामांना मिठी मारली. मॅनेजरची पाठ बरी झाली आणि त्याने मामांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मबरूक, मबरूक! म्हणजे अभिनंदन. दुपारी सगळ्यांना मटण. रेंज राहिली, आम्ही राहिलो.

शुक्रवारी मामा घरी फोन करायला एकटेच जात. त्या शुक्रवारी मला म्हणाले, चल. बूथमध्ये नंबर फिरवून त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"तू ऐक, मला मोठ्यानं सांग."

"मग इतके दिवस?"

"तुझी मामी बोलायची, मी हो हो करायचो."

मी विचारलं, मग सायलेन्सरचा एवढा खटाटोप स्वतःच्या कानांसाठी होता का?

"माझ्या कानाशी आता तोफ डागली तरी चालंल. मेंबर लोक कानावर झाकणं लावतात, तुझ्या कानात नुसता कापूस. उद्या लग्न होईल तुझं. बायको हळू बोलली तर ऐकू यायला पायजे."

तोवर पलीकडून मामींचा बारीक आवाज आला, आणि मी तो जसाच्या तसा ओरडून सांगितला.

"मामी विचारतायत, आज हो हो का नाही करत?"

मामा रिसीव्हरजवळ तोंड नेऊन, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, आज ऐकतोय."