आवडाबाईंचा शब्द, जसाच्या तसा

मानपाड्याच्या आवडाबाईंची शाळा दुसरीत सुटली, पण त्यांच्या शब्दात मीठ घालायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती! मालक काळुराम जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा वर्षश्राद्धाचं निमंत्रणही त्याच सांगणार होत्या. नात कल्पिता ठाण्यात वेबसाइटी बनवायची. ती एक पान बनवणार आणि त्याची लिंक गावभर जाणार.

"मी बोलेन, फोन लिहील. काना-मात्रा बदलायचा नाय! तुझ्या भावाच्या, देवेशच्या लग्नात माझी भाषा सुधारलीत. पत्रिका नव्हती, कलेक्टरची नोटीस होती ती!"

"नाही बदलत, आजी. बंडलर म्हणून प्रोग्राम असतो. सगळ्या फायली चाळतो, एका गाठोड्यात बांधतो. तुझ्या फायलीच्या नावापुढे मी 'रॉ' लिहिते. मग तो आत बघतही नाही, तशीच उचलून पानावर ठेवतो."

"न निवडलेल्या सुकटीसारखी?"

"अगदी! मीपण बघणार नाही."

आवडाबाईंनी फोनपुढे तारीख सांगितली, वार सांगितला, 'जेवण बाराला' सांगितलं आणि फोन पाटावर ठेवला. तेवढ्यात सून निशिगंधानं हळूच विचारलं, "आई, सहदेवकाकांना?"

"त्या पडवळाचं नाव काढू नको! बांधावरच्या आंब्यापायी सख्ख्या भावाच्या दहाव्याला आला नाय. कावळा शिवला नाय, शेवटी दर्भाचा करून शिववला." आवाज खाली आला. "ह्यांचा जीव धाकट्यात अडकलेला गो. औंदाही घास तसाच राहिला तर? तो यायला पाहिजे. पण मी बोलवणार नाय! मेले तरी नाय!"

पाटावरचा फोन इमानदारीत लिहीत होता.

सकाळी लिंक गेली. नऊच्या आत शेजारीण सखुबाई दारात. "आवडे, पडवळ कोण गो?"

आवडाबाईंनी निशिगंधाकडून पान वाचून घेतलं. शेवटच्या 'मेले तरी नाय'पर्यंत. मग कल्पिताला फोन.

"आजी, आत्ता बदलते! पण अडीचशे जणांनी वाचलंय."

"राहू दे. आवडाबाईनं शब्द मागं घेतला असं व्हायला नको."

श्राद्धाच्या दिवशी गच्चीवर घास ठेवला. तारेवर सात कावळे, एकही हलेना. बारा वाजले, साडेबारा वाजले. खाली पानं मांडलेली, माणसं ताटकळलेली. आवडाबाईंचे हात जोडलेले, ओठ पांढरे.

जिन्यावर पावलं वाजली. सहदेव! कुणाकडे न बघता तो घासापुढे उभा राहिला. "दादा, आंबा तुझ्याच बांधात राहू दे."

कावळा उतरला. त्याच्यामागून बाकीचेही.

आवडाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि ताठ झाल्या. "तुला बोलवलं कुणी?"

सहदेवनं खिशातून मोबाइल काढून पुढं धरला. "तुम्हीच, वैनी."

"सगळं वाचलंस?"

"वरून खालपर्यंत."

"मग बस पानावर."

तो खाली गेल्यावर त्यांनी कल्पिताला कोपऱ्यात ओढलं. "पोरी, तेवढं पडवळ काढ."

"आजी, काना-मात्रा बदलायचा नाही ना?"

"काना-मात्रा राहू दे तिथंच! भाजी काढ!"