दोष विभाग, नवीन पनवेल

मनुष्यजातीची प्रगती दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कामातला दोष काढून टाकणारं यंत्र येतं. दुसऱ्या टप्प्यात तोच दोष परत बसवायला माणसं नेमावी लागतात. नवीन पनवेलमधल्या एका कार्टून स्टुडिओने २०१२ साली दुसऱ्या टप्प्यात पदार्पण केलं, ही साऱ्या तालुक्याला ललामभूत गोष्ट आहे. (तालुक्याने अद्याप दखल घेतलेली नाही.)

झालं असं, की एका परदेशी गिऱ्हाइकाला होडी चालवणाऱ्या बदकिणीचा सिनेमा हवा होता, आणि तो जुन्या हातकामासारखा दिसायला हवा होता. कॉम्प्युटरवरची बदकीण फारच नितळ निघत होती. तेव्हा स्टुडिओने दोष विभाग उघडला आणि त्यावर आसिया मुकादम यांची नेमणूक केली.

आसियाबाईंची पात्रता वादातीत होती. पूर्वी कार्टूनचं एकेक चित्र पारदर्शक शीटवर उतरवून मागच्या बाजूने हाताने रंगवत. त्या शीटला सेल म्हणत. बाईंनी एकोणीस वर्षं सेल रंगवले, हातात पांढरे सुती मोजे घालून, श्वास रोखून. मग कॉम्प्युटर आला आणि त्या घरी बसल्या. या एकोणीस वर्षांत त्यांच्या सेलवर धुळीचा एक कण कधी सापडला नाही. दोष करण्यासाठी यापेक्षा लायक माणूस मिळणार कुठून!

बाईंनी पद स्वीकारलं ते एकाच गोष्टीपायी. या खेपेला सिनेमाच्या शेवटी रंगकामवाल्यांचीही नावं येणार होती. पूर्वी ती येत नसत. (साहेबांच्या ड्रायव्हरचं येई.) बाईंचे यजमान हाफिजभाई कुवेतहून सुट्टीवर आले, की बाईंनी रंगवलेलं कार्टून टीव्हीवर शेवटच्या अक्षरापर्यंत बघत आणि विचारत, "तुझं नाव कुठाय गं?" "पुढच्या वेळी येईल," असं बाई सांगत. एकोणीस वर्षं हेच सांगायचं म्हणजे माणसाला लाज वाटते हो. आता नाव नक्की होतं. अट एवढीच, की काम पास व्हायला हवं.

विभागाची नियमावली चोख होती. दर सेकंदाला धुळीचे सात ठिपके. दर बारा सेकंदांनी एक केस, मानवी. (मांजराचा चालेल, पण लेखी परवानगी हवी.) चोचीचा रंग लागोपाठच्या दोन चित्रांत सारखा नसावा. होडी अधूनमधून थरथरावी, मात्र पाणी स्थिर असताना. नियमात न बसणारा दोष हा दोष समजला जाईल आणि काढून टाकण्यात येईल.

पहिल्याच दिवशी विभागप्रमुख दीपेशने (वय चोवीस, राहणार सुकापूर) काम परत केलं.

"आपा, फारच क्लीन झालंय हो. जुनं वाटत नाही."

"अरे, जुनं असंच असायचं."

"असेल. पण लोकांना तसं आठवत नाही ना."

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरच्या ट्रंकेतला खराखुरा सेल आणला, स्वतः रंगवलेला, चौऱ्याण्णव सालचा. दीपेशने तो रीतसर स्कॅन करून नमुना म्हणून परदेशी धाडला. तीन दिवसांत उत्तर आलं: प्रयत्न चांगला आहे, पण कॉम्प्युटरवर केलंय हे लगेच कळतं.

घ्या!

त्या दिवशी बाईंनी डबा न उघडताच घरी नेला. वाईट वाटलं त्यांना, सरळ सांगायचं तर रडल्या. "एवढी मरमर करण्यापेक्षा तेव्हाच घाण करत बसले असते तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

"मग आता कर की," कुवेतहून कायमचे परतलेले हाफिजभाई म्हणाले. "नाव येतंय ना?"

आणि बाईंनी केली. आधी हात धजावेना. ठिपका टाकला, की सवयीने दुसरा हात तो पुसायला पुढे व्हायचा. (त्यामुळे स्टुडिओत सर्वांत लख्ख मॉनिटर त्यांचा होता.) मग जमलं. नव्वद मिनिटांच्या सिनेमात सदतीस हजार आठशे ठिपके आणि साडेचारशे केस त्यांनी जिथल्या तिथे बसवले. गिऱ्हाईक खूश झालं. असं प्रामाणिक हातकाम आता बघायला मिळत नाही, असं त्याने लेखी कळवलं.

सिनेमा पनवेलला लागला तेव्हा हाफिजभाई इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बाई शेजारी. बदकीण किनाऱ्याला लागली, दिवे उजळले, नावं सरकू लागली. दोनशे चौदा नावं गेल्यावर 'दोष' या मथळ्याखाली एकच नाव आलं: आसिया मुकादम. दीड सेकंद होतं. बाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. हाफिजभाईंनी मान उंचावली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पण त्यांना काही दिसलं नाही.

कारण पुढच्या रांगेत तुम्ही उभे होतात. एका हाताने सीटखालची पाण्याची बाटली शोधत तुम्ही शेजारच्याला सांगत होतात, की बघ, जुन्या लोकांच्या हातात काय जीव होता; आणि वाईट याचंच वाटतं, की त्या बिचाऱ्यांची साधी नावंसुद्धा आपल्याला कुणी कधी सांगितली नाहीत.