बावीस डिग्रीचे रमणकाका

आमचे शेजारी रमणकाका राऊत कुणाला नमस्कार करत नाहीत. समोरून माणूस आला की त्याचा हात हातात घेतात, डोळे अर्धवट मिटतात आणि आकडा सांगतात. "बाई, तेहतीस. उन्हातून आलात ने?" मी शाळेतून घरी येते तेव्हा रोज उन्हातूनच येते, पण काकांना ते माझ्या तळहाताकडून कळलेलं जास्त आवडतं.

नवख्या माणसाला वाटतं, काका हात बघून भविष्य सांगतात. एकदा घरपट्टी मागायला आलेल्या माणसाचा हात असाच धरून त्यांनी "तुम्हाला ताप आहे, घरी जा" असं सांगितलं. तो बिचारा घाबरून खरोखरच घरी गेला. नवऱ्याच्या ह्या विद्येचा संसाराला झालेला हा एकमेव उपयोग, असं कुसुमकाकी म्हणतात.

काकांची उभी हयात डहाणूच्या खाडीकाठी, बर्फाच्या कारखान्यात गेली. होड्या समुद्रात निघायच्या आधी बर्फ भरून घ्यायच्या. खाऱ्या पाण्याची टाकी नीट गार झाली नाही तर लादी मधोमध पोकळ निघते, आणि मग नाखवा कारखान्याच्या दारात उभा राहून ऑपरेटरच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. त्यामुळे काका आयुष्यभर आकड्याला घाबरून राहिले. कारखान्याचा शेठ गुजराती, म्हणून बोलण्यात 'ने' आणि 'बराबर' कायमचे मुक्कामाला आले. रिटायर होताना काकांनी आणखी एक गोष्ट घरी आणली, ती म्हणजे गुडघेदुखी. गारव्यात त्यांचे गुडघे लाकडासारखे धरतात. डॉक्टरांनी गार हवेपासून लांब राहायला सांगितलंय. डहाणूत राहणाऱ्या माणसाला हे पथ्य पाळायला काहीच करावं लागत नाही.

काकांचा मुलगा नितीन कॅनडात असतो. तो पहिल्यांदा बायको आणि लहानग्या तन्वीला घेऊन आला तो नेमका मे महिन्यात. काकांचं घर स्लॅबचं. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री सगळा हिशेब चुकता करते. तन्वीच्या अंगभर घामोळ्या उठल्या, पोर रात्रभर रडली आणि तिसऱ्या दिवशी नितीन तिला घेऊन समुद्राकडच्या एका एसी हॉटेलात राहायला गेला. आईवडिलांचं घर गावातच असताना मुलगा हॉटेलात, हे काकींना फार लागलं. त्या रडल्या, आणि मग रडू आवरून सुनेसाठी घावन करायला बसल्या. काका रोज सकाळी स्टीलच्या डब्यात ताडगोळे सोलून घेऊन हॉटेलच्या लॉबीत जाऊन बसायचे. नात उठेपर्यंत बसायचे, मग तिला भरवायचे आणि सायकलने घरी यायचे.

ती मंडळी परत गेल्यावर मी काकांना विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

"तिथे चोवीस होतं, बाई," काका म्हणाले. "आपल्याकडे चौतीस. पोरीचं काय चुकलं?"

पण त्या दिवसापासून काकांना ह्या जगाकडून एकच गोष्ट हवी होती: पुढच्या खेपेला तन्वीने ह्याच घरात राहायचं.

संधी चालून आली ती एका खोक्यातून. नितीनने तिकडच्या घरात मोबाइलवर चालणारा नवा थर्मोस्टॅट बसवला होता. जुना फेकून देण्यापेक्षा बाबांना खेळायला होईल म्हणून त्याने तो मित्राच्या हाती पाठवला. पत्त्यांच्या जोडाहून थोडा मोठा, पांढरा डबा. घर कुठल्या वेळी किती गार हवं ते त्याला एकदा सांगून ठेवायचं, मग तो आपणहून यंत्र चालू करतो आणि बंद करतो. काकांनी तो डबा दोन्ही हातांत धरला तेव्हा त्यांचा चेहरा बारशाला आलेल्या आत्यासारखा झाला होता.

"म्हणजे बटण दाबायला नोकर ठेवलाय," काकी म्हणाल्या. "आणि दाबायचं कुठलं बटण? घरात एसी आहे कुठे?"

काकांनी जुना विंडो एसी मिळवला. बसवायला तलासरीहून विलास आला. विलास म्हणजे हाताने कामाचा आणि तोंडाने निराशेचा इलेक्ट्रिशियन. डबा उलटा-सुलटा करून तो म्हणाला, "काका, हा तिकडचा माल. चोवीस व्होल्टवर चालतो. आपल्याकडच्या लाईनीला जोडला तर फटाका होईल."

"मग मधे ट्रान्सफॉर्मर टाकू ने."

"आणि एसी?"

"त्याला कॉन्टॅक्टर. डबा हुकूम देणार, कॉन्टॅक्टर ऐकणार, एसी चालणार. बराबर?"

"चालायचं नाही," विलास म्हणाला आणि कामाला लागला. तो कुठलंही काम ह्याच वाक्याने सुरू करतो.

भांडण झालं ते जागेवरून. डब्याला ऊन लागता कामा नये, वारा लागता कामा नये आणि तो आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला हवा. अख्ख्या खोलीत अशी जागा एकच होती, आणि तिथे काकींचा देव्हारा. काकींनी सांगून टाकलं, "देव हलणार नाहीत. तुझ्या डब्याला हवं तर त्याने देवांच्या बाजूला सांभाळून राहावं." नवऱ्याला अरेतुरे करण्याइतक्या काकी संतापल्या होत्या. शेवटी डबा देव्हाऱ्याच्या बरोब्बर वर बसला. नव्या वस्तूला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि काकांनी बावीसचा आकडा लावला. खोली गार झाली. विलासचा चेहरा पडला.

पण दुसऱ्या दिवसापासून खोलीला काहीतरी बाधा झाली. दिवसभर सगळं ठीक. दिवेलागण झाली की एसी जो सुटायचा, तो थांबायचंच नाव नाही. खोली बर्फाच्या कारखान्यासारखी व्हायची. काकींच्या बरणीतलं खोबरेल गोठलं. काका गुडघे चोळत भिंतीकडे बघत बसायचे. त्यांना वाटलं, संध्याकाळी सगळ्या गल्लीत दिवे लागतात, म्हणून व्होल्टेजचा घोटाळा. त्यांनी स्टॅबिलायझर लावला. विलासला बोलावलं. विलास तलासरीहून मोटारसायकलवर यायचा, भर दुपारी तपासायचा, सगळं बिनचूक चालताना बघायचा आणि दुःखी होऊन परत जायचा.

शेवटी एकदा काकांनी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं. मलाही साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. आम्ही तिघं बॅटरी घेऊन डब्यासमोर दबा धरून उभे होतो. तेवढ्यात मागून काकी आल्या, "सरका जरा, दिवा लावायचाय."

आम्ही सरकलो. काकींनी समई पेटवली, धूप लावला, हात जोडले. काकांनीही हात जोडले, डोळे मिटले. मी आणि विलास मात्र डब्याकडे बघत राहिलो. एकोणतीस. एकतीस. चौतीस. समईच्या धगीने बिचाऱ्या डब्याला वाटत होतं, घराला आग लागली आहे, आणि तो इमानेइतबारे एसीला पळवत होता. एवढे दिवस हे काकांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या क्षणाला ते रोज भक्तिभावाने डोळे मिटून उभे असायचे.

काकांनी डोळे उघडले, आमचे चेहरे पाहिले, समई पाहिली. "कुसुम," ते हळूच म्हणाले, "दिवा जर उद्यापासून स्वयंपाकघरात..."

काकींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका म्हणाले, "विलास, भिंतीला दुसरीकडे भोक पाड."

मग आली रंगीत तालीम. नितीनच्या चुलत बहिणीचं बोर्डीला लग्न ठरलं होतं. तन्वीच्या शाळेतून दोन आठवड्यांची सुट्टी मागून घेऊन ती सगळी दोन हजार सोळाच्या मे महिन्यात येणार होती. त्याआधी खोलीची परीक्षा व्हायला हवी, आणि माणसं आत असल्याशिवाय खोली खरं बोलत नाही, असं काकांचं म्हणणं. म्हणून एका रविवारी आम्हाला दुपारभर आत कोंडण्यात आलं. विलास झाला नितीन, मी झाले सून आणि काकी झाल्या तन्वी. काका बाहेरून दाराला तोंड लावून विचारायचे, "घाम?"

"नाही," विलास ओरडायचा.

"तन्वी काय करते?"

तन्वी चटईवर घोरत होती. काकांनी ते ऐकलं आणि बाहेर एकटेच हसले. उन्हाळ्यात दुपारी कुसुमला झोप लागलेली आपण लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

पाहुणे आले. काकांनी दारातच तन्वीचा हात हातात घेतला. "छत्तीस!" त्यांनी जाहीर केलं आणि तिला तडक खोलीत नेलं. पोर आत शिरली, इकडेतिकडे बघून ओरडली, "आजोबा, हे तर आमच्या हॉलमधलं आहे!" आणि डब्याला ओळखीच्या माणसासारखा हात लावून आली. हॉटेलचा विषयही निघाला नाही. विलासने जाहीर भाकीत केलं होतं की पहिल्याच दिवशी लाईट जाईल. लाईट गेली नाही. विलास दोन दिवस घुम्यासारखा होता.

काका जिंकले होते. तन्वी घरात होती, रात्रभर गाढ झोपत होती. फक्त एकच गोष्ट काकांनी हिशेबात धरली नव्हती. खोली इतकी छान झाली की पोर तिच्यातून बाहेर येईना. दार लावून, गादीवर पसरून ती टॅबलेटवर काहीतरी बघत राहायची. आणि काका बाहेर ओट्यावर, ताडगोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन, कारण आत गेलं की गुडघे धरायचे. मी शाळेला सुट्टी म्हणून घरीच होते, मला सगळं दिसत होतं. मला खरंच त्या माणसाची दया आली. दोन वर्षं धडपडून त्याने नातीसाठी घर केलं आणि त्यात त्यालाच जागा उरली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी मी पाहिलं तर काकांनी पेटी उघडली होती. त्यांनी कारखान्यातला जुना स्वेटर घातला, पायांत लोकरी मोजे चढवले, डोक्यावर कानटोपी ओढली आणि मे महिन्याच्या ऐन दुपारी घामाने निथळत त्या खोलीच्या दारात उभे राहिले. काकी म्हणाल्या, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना नात आहे?" काका म्हणाले आणि आत गेले.

आतून आधी तन्वीची किंकाळी आली आणि मग हसू. त्यानंतर ती दोघं रोज आत पत्ते खेळायची. ती त्यांना स्नोमॅन म्हणायची. टॅबलेट गादीखाली कुठेतरी पडलेला असायचा. संध्याकाळी काकी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत बडबडायच्या आणि काका दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वेटर चढवायचे. लग्न झालं, दिवस सरले, पाहुणे निघाले. तन्वी त्या घरातून एका रात्रीसाठीही दुसरीकडे झोपायला गेली नाही.

मला वाटलं, आता तो एसी झाकून ठेवतील. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एका दुपारी मी फणसाचे गरे द्यायला गेले. चारचा सुमार असेल. ओट्यावर कुणी नव्हतं. आतून एसीची घरघर येत होती. मी दार ढकललं.

गादीवर काका बसले होते, स्वेटर आणि कानटोपीसकट. शेजारी काकी, शाल लपेटून. दोघांच्या हातात चहाचे कप. समोर भिंतीवरच्या डब्यावर सकाळचे साडेसहा झालेले दिसत होते.

"काका, घड्याळ चुकलंय तुमचं," मी म्हटलं.

"चुकलं नाही, बाई. तिकडचं लावलंय." काका जरा लाजले. "ह्याच्या पोटात आधी त्यांचाच दिवस होता. कधी उठायचं, कधी निघायचं, कधी परत यायचं. मी तो पुसून आपला भरला होता. आता नितीनला विचारून त्यांचा परत भरला. फोन रविवारी येतो. बाकीच्या दिवशी पोरगी कुठे आहे ते कळायला नको?"

"आणि तुमचे गुडघे?"

"ते आहेतच ने. ती उठते तेव्हा एसी लागतो. आम्ही येऊन बसतो."

"रात्री अडीचला येते शाळेतून," काकी म्हणाल्या. "मग आम्ही झोपेतच पांघरूण ओढून घेतो. तू हळू बोल ग शुभा, दूध पीत असेल ती आता."

मी चेष्टा करणार होते. पण दोघंही अगदी मनापासून भिंतीकडे बघत होती. मला त्या क्षणी त्या दोघांबद्दल जे वाटलं ते माया म्हणूनच सांगता येईल. मी गऱ्यांचं ताट खाली ठेवलं आणि काकींच्या शेजारी बसले. गारठा भलताच होता. काकींनी न विचारता शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं. काकांनी मला तन्वीच्या शाळेची बस कुठल्या रंगाची असते ते सांगितलं. मग आम्ही तिघं गरे खात बसलो.

बाहेर ऊन कलायला लागलं. भिंतीवर खट्कन आवाज झाला आणि एसीचा घरघराट थांबला.

"निघाली शाळेत," काका म्हणाले.

"सावकाश जा गो बाय," काकी त्या डब्याला म्हणाल्या आणि मग खिडक्या उघडायला उठल्या.