दाजींनी आणलेला पूर

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बाळासोंनी मोटारबोट घेतली, तेव्हा उचगावातल्या शेजाऱ्यांना वाटलं, माणूस कामातून गेला. निवृत्त लोक गच्चीवर वांगी लावतात, फार तर भजनी मंडळात टाळ धरतात. बाळासोंनी मात्र तलावावर पर्यटक फिरवून कंटाळलेल्या एका गृहस्थाची जुनी बोट उचलली. रंग भडक नारिंगी. वर दोन नारिंगी जाकिटं फुकट.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. बायकोचं, म्हणजे वर्षाराणींचं, माहेर कृष्णाकाठची माळेवाडी. नोकरीत असताना बाळासो पूरनियंत्रण कक्षात बसून अख्ख्या जिल्ह्याला सावध करायचे आणि त्यांची सख्खी सासू, यल्लव्वा, पूरग्रस्तांच्या छावणीत, शाळेच्या बाकावर बसून पूर काढायची. "आईला आपल्याकडं आनूया का?" असं वर्षाराणी दर पुराला विचारायच्या. "क्वार्टर लहान हाय. निवृत्त झालो की बगू," हे साहेबांचं ठरलेलं उत्तर. शेवटच्या मोठ्या पुरात वर्षाराणींनी विचारलंच नाही. ते न विचारणं बाळासोंना आतून फार लागलं होतं.

आता उचगावात स्वतःचं ऐसपैस घर होतं, पण म्हातारी येईना. फोन केला की म्हणायची, "लेकीच्या घरी उगं कशी येऊन ऱ्हाऊ, पावणं? कायतर कारन नको?" तेव्हा बाळासोंनी ठरवलं, आपण स्वतः जायचं, तेही नदीनं. सासूला बोटीत बसवून थाटात आणली की तिला नाही म्हणता येणार नाही. उशिरा का होईना, मान तरी करू.

पाऊस उघडून आठवडा झाला होता. शिरोळजवळ पंचगंगेत बोट सोडली. वर्षाराणी जाकीट घालून, मांडीवर आईच्या नव्या लुगड्याची पिशवी घेऊन ताठ बसल्या. दोरी ओढता ओढता बाळासोंचा खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं.

संगमापर्यंत सगळं ठीक होतं. पण खात्याच्या भिंतीवरच्या नकाशात कृष्णा निळी आणि पंचगंगा हिरवी होती. इथं दोघीही चहाच्या रंगाच्या. फोनमधली बाई म्हणाली, "पुढे उजवीकडे वळा." उजवीकडे उसाचा फड होता. बाळासोंनी फोन खिशात टाकला आणि अनुभवाच्या जोरावर बोट डावीकडे घेतली.

बऱ्याच वेळानं काठावर म्हशी धुणारा एकजण दिसला. "माळेवाडी किती लांब ऱ्हायली?" बाळासोंनी ओरडून विचारलं.

"माळेवाडी? ती मागं ऱ्हायली की, पावणं! तुमी सांगलीला निगालाय!"

वर्षाराणी म्हणाल्या, "पानी कुठनं कुठं जातंय ते तुमीच लोकास्नी सांगत होता न्हवं?"

"कागदावर बराबर होतं," बाळासो पुटपुटले आणि त्यांनी बोट वळवली.

माळेवाडीचं देऊळ दिसायला लागलं आणि बोट केंदाळात, पाण्यावर पसरलेल्या जलपर्णीत, शिरली. हिरवं रान पंख्याला असं गुंडाळलं, की इंजिन खोकलं आणि गप्प झालं. बाळासोंनी बांबूनं रेटून पाहिलं, तर बांबू गाळात रुतला आणि तिथंच राहिला. बोट ऐन नदीत अडकली. घाटावर माणसं दिसत होती, पण हाक पोचत नव्हती. मग बाळासो उभे राहिले, अंगातलं जाकीट काढलं आणि डोक्यावर गरगर फिरवायला लागले.

घाटावरची माणसं थबकली. बोट दिसली. जाकीट दिसलं. आणि जाकीट फिरवणारा पाटबंधारे खात्यातला जावई दिसला. क्षणात सगळी पळत सुटली.

"बग, आली मदतीला!" बाळासो म्हणाले.

"अवो, ती वर पळाल्यात. गावाकडं."

पाठोपाठ देवळातली घंटा वाजायला लागली. म्हशी माळाकडे निघालेल्या दिसल्या. कुणीतरी डोक्यावर टीव्ही घेऊन चाललं होतं. या गावानं नारिंगी बोट पाहिली होती ती फक्त पुरात, आणि हा जावई कामाशिवाय कधीच आला नव्हता. बाळासोंना ते हळूहळू उमगत गेलं आणि त्यांचे हात आपोआप खाली आले.

शेवटी दोनेक तासांनी प्रवाहालाच दया आली. केंदाळासकट बोट सरकत सरकत घाटाला लागली. मेव्हणा केरबा फ्रीज ट्रॉलीत चढवून धावत आला.

"दाजी, किती सोडलंय?"

"काय सोडलंय?"

"पानी वो, धरनातनं!"

"न्हाई रं बाबा. मी... मी जेवायला आलोय."

केरबा त्यांच्याकडे बघतच राहिला. "जेवायला? आनि ते जाकीट?"

"इंजान बंद पडलं. मामी कुठं हायती?"

"आईला सगळ्यांच्या आदी काडली. माजा सम्राट पिकअप घिऊन गेला बी. शाळेत पाय ठेवनार न्हाई म्हनली. म्हनली, आता कारन हाय, लेकीकडंच न्या."

वर्षाराणी पिशवी घेऊन मटकन पायरीवर बसल्या. जिला आणायला आलो, तिला आपणच पळवून लावलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाचा सम्राट होता.

"आत्त्या, तुमच्या दाराला कुलूप हाय. आजी पायरीवर बसलीया."

इतकी वर्षं शाळेच्या बाकावर, आणि आज आली तर बंद दारासमोर. आपल्या हातून या बाईचं एकदाही धड झालं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी बायकोच्या हातातून फोन घेतला आणि सम्राटला तो आजीकडे द्यायला सांगितला.

"मामी, मी बोलतोय."

"पावणं! सुखरूप हायसा न्हवं? लई पानी आलंय का?"

खोटं आहे म्हणून सांगावं, तर म्हातारी आल्या पिकअपनं परत जाणार. बाळासोंनी नदीकडे पाहिलं. नदी घाटाच्या तळाशी निवांत पडली होती.

"लई आलंय, मामी. देवळाला लागलंय."

केरबानं तोंड उघडलं. वर्षाराणींनी उठून त्याच्या पायावर पाय दिला.

"हितं तर कडक ऊन पडलंय," म्हातारी म्हणाली.

"पाऊस वर हाय. धरनावर."

आयुष्यभर कृष्णेचं पाणी चढताना आणि उतरताना पाहिलेली बाई होती ती.

"मग दसऱ्यापातूर तरी काय उतरत न्हाई," यल्लव्वा म्हणाली. "किल्ली कुनाकडं हाय?"